परराज्यात दरखास्त: सोलापूरचा हुकूमनामा विजयपुरात कसा वसूल करायचा

समजा सोलापूरच्या दिवाणी न्यायालयाने 8 लाख 40 हजारांचा हुकूमनामा, म्हणजे डिक्री, दिला आहे. देणेकऱ्याचं घर विजयपूरला, दुकान विजयपूरला, शेतीही तिथल्याच तालुक्यात. अशा वेळी दोन टोकांचे गैरसमज हमखास ऐकू येतात. एक, आता कर्नाटकात नव्याने दावा लावावा लागणार. दुसरा, निकाल भारतातल्याच कोर्टाचा आहे, तेव्हा सोलापूरचा बेलिफ वॉरंट घेऊन थेट विजयपूरला जाईल. दोन्ही खोटे.

नवा दावा लागत नाही, कारण राज्यघटनेचा अनुच्छेद 261(3) सांगतो की भारतातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाचा अंतिम निर्णय देशात कुठेही कायद्यानुसार अंमलात आणता येतो. ‘कायद्यानुसार’ याचा अर्थ दिवाणी प्रक्रिया संहितेची कलमं 36 ते 46 आणि आदेश 21. आणि सोलापूरचा बेलिफ जात नाही, कारण कलम 39 ला 2002 साली जोडलेलं पोटकलम (4): स्वतःच्या स्थानिक हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर अंमलबजावणी करायचा अधिकार या कलमाने कोर्टाला मिळत नाही. मोहित भार्गव प्रकरणात 2007 साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. मालमत्ता हद्दीबाहेर असेल तर हुकूमनामा तिथल्या कोर्टाकडे पाठवायचा. त्यामुळे सोलापुरात दरखास्त, म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज, लावून विजयपूरच्या शेताची जप्ती मागितली, तर तारखा पडत राहतात आणि शेवटी अर्ज नामंजूर होतो. एकाच राज्यातल्या पुणे आणि नाशिक यांनाही हाच नियम आहे. गोवा मुंबई उच्च न्यायालयाच्याच कक्षेत येतो, तरी सावंतवाडीच्या कोर्टासाठी म्हापशाचं कोर्ट हे दुसरंच कोर्ट.

आज ही वाट सरळ वाटते, पण ती नेहमीच तशी नव्हती. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या कोर्टाने नोव्हेंबर 1948 मध्ये सरदार शितोळे यांच्या बाजूने एकतर्फी हुकूमनामा दिला. देणेकरी उत्तर प्रदेशातले. हुकूमनामा अलाहाबादला गेला आणि तिथे अडला. 1962 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की निकाल झाला त्या दिवशी ग्वाल्हेरचं कोर्ट या प्रतिवादींच्या दृष्टीने परकं होतं, त्यांनी त्याची हुकूमत मानलेली नव्हती, म्हणून हा हुकूमनामा अलाहाबादेत चालणार नाही. पुढे 1971 साली बंगालमधल्या बांकुऱ्याचा 1949 चा हुकूमनामा मध्य प्रदेशातल्या मोरेन्यात चालेल असा निर्णय झाला, कारण दरम्यान 1951 मध्ये संहिता तिकडे लागू झाली होती. गोव्यात संहिता 1966 साली आली आणि मुंबईच्या 1960 च्या हुकूमनाम्याचा पणजीतला वाद 1976 मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तोही अखेर अंमलबजावणीलायक ठरला. जुन्या संस्थानी मुलखातले वाद हाताळणाऱ्यांना हे निवाडे अजून लागतात. बाकीच्यांनी पुढे जावं.

कागद हलवण्याआधी मालमत्ता शोधा. हे काम कोर्ट करत नाही आणि बहुतेक दरखास्ती इथेच मरतात. महाराष्ट्रात सातबारा बघायची सवय असते. कर्नाटकात त्याच्या जागी आरटीसी म्हणजे पहाणीचा उतारा, गोव्यात फॉर्म एक आणि चौदा, गुजरातेत सातबाराच. बोजा आणि खरेदीविक्री यासाठी कर्नाटकात सबरजिस्ट्रारच्या कावेरी पोर्टलवरून एन्कम्ब्रन्स सर्टिफिकेट काढतात, बोलण्यात त्याला ‘ईसी’ म्हणतात. सर्व्हे नंबर, हिस्सा नंबर, क्षेत्र, चतुःसीमा आणि देणेकऱ्याचा नेमका हिस्सा लिहून घ्या. एकत्र कुटुंबाच्या जमिनीत त्याचा तिसरा हिस्सा असेल तर तिसराच लिहा. सगळी जमीन लिहिली की भाऊ आदेश 21 च्या नियम 58 खाली (पुढचे नियमही याच आदेशाचे) हरकत घेऊन उभे राहतात आणि दोन वर्षं त्यातच जातात.

आता बदलीचा अर्ज, म्हणजे हुकूमनामा दुसऱ्या कोर्टाकडे पाठवण्याचा अर्ज. तो मूळ कोर्टात करायचा. अपील होऊन जिल्हा न्यायालयात किंवा उच्च न्यायालयात निकाल कायम झाला असला, तरी कलम 37 प्रमाणे हुकूमनामा देणारं कोर्ट म्हणजे पहिलं कोर्टच. अर्ज तिथे, पण सोबत अपिलातल्या हुकूमनाम्याची नक्कल, कारण मूळ हुकूमनामा अपिलाच्या हुकूमनाम्यात विलीन झालेला असतो. फक्त खालच्या कोर्टाचा जोडला की समोरचा वकील पहिल्याच तारखेला बोट ठेवतो.

कलम 39(1) मध्ये कारणं दिली आहेत: देणेकरी त्या दुसऱ्या हद्दीत प्रत्यक्ष राहतो, धंदा करतो किंवा नोकरी करतो; मूळ हद्दीत पुरेशी मालमत्ता नाही आणि तिकडे आहे; विक्री किंवा ताबा द्यायची स्थावर मालमत्ता तिकडे आहे; किंवा कोर्ट लेखी नोंदवेल असं अन्य कारण. यातलं लागू पडणारं कारण अर्जात आणि प्रतिज्ञापत्रात स्पष्ट लिहा, सोबत उतारा आणि पत्त्याचा पुरावा लावा. कुठल्या कोर्टाकडे पाठवायचं तेही विचारपूर्वक लिहा. पोटकलम (3) सांगतं की अर्जाच्या दिवशी तो मूळ दावा चालवायचा अधिकार असलेलं कोर्टच सक्षम. कनिष्ठ स्तर न्यायाधीशाची आर्थिक मर्यादा राज्याराज्यात वेगळी असते, म्हणून सुरक्षित मार्ग एकच: तिथल्या जिल्हा न्यायालयाकडे पाठवा. आदेश 21 नियम 8 प्रमाणे ते स्वतः चालवतं किंवा योग्य दुय्यम कोर्टाकडे वर्ग करतं. 1976 च्या दुरुस्तीनंतर नियम 5 खाली एका कोर्टाकडून दुसऱ्या कोर्टाकडे हुकूमनामा थेट जातो, मग राज्य वेगळं असो.

नियम 6 खाली तीन कागद जातात. हुकूमनाम्याची प्रमाणित नक्कल. वसुली झाली नसल्याचा दाखला, ज्याला वकील नॉन-सॅटिस्फॅक्शन सर्टिफिकेट म्हणतात. काही वसुली झाली असेल तर किती झाली आणि किती बाकी हे त्यात आकड्यात हवं. आणि अंमलबजावणीचा आधी काही आदेश झाला असेल तर त्याची नक्कल, नसेल तर तसा आदेश नाही असा दाखला. हा तिसरा दाखला सर्वांत जास्त वेळा राहून जातो. ‘आदेशच नाही तर दाखला कशाला’ असं कार्यालयात कुणीतरी म्हणतं, कागद पाठवले जातात आणि महिन्याभराने त्रुटी काढून परत येतात. म्हणून बदलीच्या अर्जातल्या मागणीत तिन्ही कागद नावाने लिहा आणि रवाना होण्याआधी बारनिशीत, म्हणजे कोर्टाच्या आवक-जावक विभागात, तिन्ही आहेत ना ते वकिलाकरवी बघून घ्या. दाखल्यावर न्यायाधीशांची सही आणि कोर्टाचा शिक्का दोन्ही लागतात. नियम 7 मुळे पलीकडच्या कोर्टाला या नकलांचा वेगळा पुरावा मागायचं कारण नाही, फक्त त्या पूर्ण हव्यात.

भाषा हा आपल्याकडचा खास अडथळा. आपल्याकडच्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आणि हुकूमनामाही अनेकदा मराठीतच असतो. नियम 6 मध्ये भाषांतराचा शब्द नाही, पण विजयपूर, कलबुर्गी किंवा निजामाबादच्या कोर्टाच्या कार्यालयाला मराठी मजकूर वाचता येईल हे गृहीत धरू नका. मूळ मराठी नक्कल आणि तिचं इंग्रजी भाषांतर, भाषांतरकाराच्या प्रतिज्ञापत्रासह, दरखास्तीबरोबरच लावा. भाषांतरात व्याजाचा दर, व्याज कधीपासून आणि ‘रक्कम फिटेपर्यंत’ हे शब्द नीट उतरले आहेत का ते स्वतः वाचा. ‘दावा तारखेपासून’ याचं ‘निकालाच्या तारखेपासून’ झालं की त्या चार-पाच वर्षांचं व्याज कागदावरच बुडतं.

बदलीच्या अर्जाला वेळ लागतो आणि तेवढ्यात देणेकरी जमीन विकतो. त्यावर उपाय कलम 46 मधला प्रिसेप्ट. मूळ कोर्टच दुसऱ्या कोर्टाला कळवतं की अमुक मालमत्ता जप्त करा. वसुली न झाल्याच्या दाखल्याची वाट बघावी लागत नाही. मात्र ही जप्ती दोनच महिने टिकते. त्या आत मूळ कोर्टाकडून मुदत वाढवून घ्या, नाहीतर हुकूमनामा बदली करून तिकडे विक्रीचा अर्ज दाखल करा. प्रिसेप्टने विक्री होत नाही, फक्त मालमत्ता अडकून राहते. तरीही माझ्या मते परराज्यातल्या प्रत्येक वसुलीत प्रिसेप्ट आणि बदलीचा अर्ज एकाच दिवशी द्यावेत. जप्तीनंतर केलेलं खाजगी खरेदीखत कलम 64 प्रमाणे त्या जप्तीखालच्या हक्कांपुढे टिकत नाही. अपवाद जप्तीआधी करार होऊन नोंदवलेला असेल तर. म्हणूनच ईसी जप्तीच्या आदल्या आठवड्यातली हवी, वर्षभर जुनी नको.

कागद विजयपूरला पोहोचले की लोक थांबून राहतात, आणि सर्वांत महागडी चूक हीच. हुकूमनामा पोहोचला म्हणजे अंमलबजावणी सुरू झाली असं नसतं. तिथल्या कोर्टात तिथल्या वकिलामार्फत वेगळी दरखास्त द्यावी लागते. तिकडे तिला एक्झिक्युशन पिटिशन म्हणतात. ती येईपर्यंत कागद कपाटात पडून राहतात. बारा वर्षांची मुदतही, मुदत कायद्याच्या अनुच्छेद 136 खालची, या दरखास्तीनेच थांबते. बदलीचा अर्ज म्हणजे अंमलबजावणीचा अर्ज नव्हे. अकराव्या वर्षी बदलीचा अर्ज देऊन निश्चिंत बसलेल्याचा हुकूमनामा तेराव्या वर्षी कोराच राहतो. अपील झालं असेल तर मुदत अपिलाच्या हुकूमनाम्यापासून मोजली जाते आणि स्थगितीचा काळ वगळला जातो. एखादी गोष्ट करायला भाग पाडणाऱ्या मनाईचा हुकूमनामा असेल, म्हणजे भिंत पाडा, रस्ता मोकळा करा, तर अनुच्छेद 135 प्रमाणे मुदत फक्त तीन वर्षं. कायमच्या मनाईला मुदत नाही.

नियम 11 मधली दरखास्त तक्त्यासारखी असते: दाव्याचा नंबर, पक्षकार, हुकूमनाम्याची तारीख, अपील झालं का, आधी दरखास्ती झाल्या का आणि त्यांचं काय झालं, हुकूमनाम्यानंतर काही रक्कम मिळाली का, येणं किती, कोणाविरुद्ध आणि मदत कोणत्या रीतीने हवी. हिशेब पैपैशाने लिहा. आपल्या उदाहरणात मुद्दल 8,40,000, दाव्याच्या तारखेपासून द.सा.द.शे. 6 ने सरळ व्याज वर्षाला 50,400, पाच वर्षांचं 2,52,000, दाव्याचा खर्च 38,500 धरू. एकूण 11,30,500 आणि पुढचं व्याज. देणेकरी म्हणेल, दोन लाख हातात दिले होते. आदेश 21 नियम 2 प्रमाणे कोर्टाबाहेर दिलेली रक्कम कोर्टात नोंदवून घ्यावी लागते. देणेकऱ्याला त्यासाठी अनुच्छेद 125 खाली 30 दिवस असतात आणि कागदी पुरावा लागतो. नोंद नसलेली रक्कम अंमलबजावणीचं कोर्ट धरत नाही. हे वाचून एखाद्या घेणेकऱ्याने खरंच मिळालेले दोन लाख दडवू नयेत. ते फसवणुकीचं प्रकरण होतं, आणि दरखास्तीवर सत्यापनाखाली सही त्याचीच असते.

हुकूमनाम्याला दोन वर्षांहून अधिक काळ झाला असेल किंवा देणेकरी वारला असेल आणि वारसांविरुद्ध जायचं असेल, तर नियम 22 ची नोटीस आधी लागते. नोटिशीशिवाय लिलाव झाला तर तो उलटवला जाण्याची पुरती शक्यता. वारस नोंदवायचा अधिकार कलम 42(2) मुळे विजयपूरच्या कोर्टालाही आहे. पुन्हा सोलापूरला धाव घ्यायची गरज नाही. हुकूमनामा तुम्ही दुसऱ्याकडून विकत घेतला असेल तर मात्र त्याच कलमाचं पोटकलम (4) आडवं येतं: हुकूमनामा विकत घेणाऱ्याच्या सांगण्यावरून अंमलबजावणीचा हुकूम देण्याचा अधिकार बदलीच्या कोर्टाला नाही. तो आदेश मूळ कोर्टातून आणा.

मालमत्तेचा पत्ता लागत नसेल तर नियम 41. देणेकऱ्याकडून मालमत्तेचं प्रतिज्ञापत्र मागता येतं आणि आदेश मोडला तर तीन महिन्यांपर्यंत दिवाणी कैद. स्थावर जप्ती नियम 54 ने होते. मनाई हुकूम जागेवर दवंडीने जाहीर होतो, जागेवर आणि कोर्टात चिकटवला जातो, सारा भरणाऱ्या जमिनीसाठी कलेक्टर कार्यालयातही आणि गावातली जमीन असेल तर ग्रामपंचायतीतही. बेलिफाचा अहवाल वाचा. पंचांच्या सह्या नाहीत, दवंडीची वेळ नाही, सर्व्हे नंबर चुकला, हे सगळं लिलावानंतर नियम 90 च्या अर्जात देणेकऱ्याच्या कामी येतं. हुकूमाची एक प्रत सबरजिस्ट्रारकडेही पोहोचवा. लिलावात बोली घेणाऱ्याने 25 टक्के लगेच आणि बाकी रक्कम 15 दिवसांत भरायची असते, आणि देणेकऱ्याला नियम 89 खाली सगळी रक्कम अधिक खरेदीदारासाठी 5 टक्के भरून 60 दिवसांत लिलाव रद्द करून घेता येतो. पुष्कळदा पैसे येतात ते याच साठ दिवसांत.

काय जप्त करू नये तेही बघा. कलम 60 शेतकऱ्याची अवजारं, कारागिराची हत्यारं, स्वयंपाकाची भांडी, शेतकऱ्याचं राहतं घर, भविष्य निर्वाह निधी यांना वाचवतं. पगाराचे पहिले एक हजार आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुरक्षित. पगार 46,000 असेल तर 31,000 सुटतात, महिना 15,000 हाती लागतात, आणि एकाच हुकूमनाम्यात ही जप्ती एकूण 24 महिनेच चालते. म्हणजे 3,60,000. आपल्या 11 लाखांना ते पुरत नाहीत, तेव्हा पगार आणि जमीन दोन्हीकडे एकदम बघावं. एक सोय मात्र आहे: देणेकरी सरकारी, रेल्वेचा, पालिकेचा किंवा सरकारी कंपनीचा नोकर असेल तर नियम 48 खाली मूळ कोर्टच पगार अडवू शकतं, पगार काढणारा अधिकारी हद्दीबाहेर असला तरी. हा नियम 39(4) ने बाधित होत नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2005 साली सेलम बार प्रकरणात म्हटलं आहे. खाजगी कंपनीत पगार देणारा अधिकारी हद्दीत असावा लागतो. देणेकऱ्याला तुरुंगात टाकण्याची मागणी अनेकांना सोपी वाटते, पण बाईला पैशांच्या हुकूमनाम्यात अटक होत नाही, नुसती ऐपत नाही म्हणून कैद देता येत नाही हे 1980 पासून पक्कं आहे, आणि कैदेचा जेवणखर्च घेणेकऱ्यालाच भरावा लागतो.

विजयपूरला देणेकरी काय काय सांगेल? निकाल चुकीचा, साक्षीदार खोटे, नोटीस मिळाली नव्हती. अंमलबजावणीचं कोर्ट हुकूमनाम्याच्या मागे जात नाही. मुळातच अधिकार नसलेल्या कोर्टाचा शून्य हुकूमनामा असेल तरच ते नकार देऊ शकतं. एकतर्फी निकाल उठवायचा असेल तर त्याने सोलापूरला जावं. त्यासाठी नियम 26 प्रमाणे बदलीचं कोर्ट थोड्या काळाची स्थगिती देतं, आणि ती देण्याआधी तारण मागता येतं. ते तारण मागायला विसरू नका. अपिलाची शक्यता दिसत असेल तर वरच्या कोर्टात कलम 148अ खाली कॅव्हेट, म्हणजे आपलं ऐकल्याशिवाय आदेश देऊ नये अशी सूचना, दाखल करा. तिचं आयुष्य 90 दिवसांचं, संपली की नवी.

या सगळ्या वाटेची गरज नसलेली प्रकरणंही आहेत आणि लोक उगाच बदलीच्या अर्जात अडकतात. लवादाचा निवाडा असेल तर तो मालमत्ता असेल त्या कुठल्याही सक्षम कोर्टात थेट दाखल होतो. मूळ कोर्टातून बदली लागत नाही असं सुंदरम फायनान्स प्रकरणात 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं. पोटगीचा आदेश भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 147 खाली, पूर्वीचं कलम 128, नवरा जिथे असेल तिथल्या दंडाधिकाऱ्याकडे चालतो. साताऱ्याचा आदेश घेऊन बंगळुरूच्या दंडाधिकाऱ्याकडे सरळ जाता येतं, फक्त थकबाकी एक वर्षाहून जुनी होऊ देऊ नये, तेवढ्या काळातच वॉरंटचा अर्ज करायचा असतो. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश कलम 27 प्रमाणे देशभर लागू असतो.

वेळेचं म्हणाल तर सर्वोच्च न्यायालयाने 2021 साली राहुल शहा प्रकरणात आणि मार्च 2025 मध्ये पेरियम्मल प्रकरणात दरखास्त सहा महिन्यांत निकाली काढा असं बजावलं आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरात देशभर 8 लाख 82 हजारांवर दरखास्ती प्रलंबित असल्याचं समोर आलं आणि त्यात मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेतला वाटा सर्वांत मोठा होता. घेणेकऱ्याची ही अशी अडवणूक चालू राहणं हा न्यायाचा अर्धवटपणाच आहे. तेव्हा दरखास्तीला सहा महिने उलटले की या दोन निवाड्यांचा हवाला देऊन जवळची तारीख मागणारा लेखी अर्ज द्या, आणि त्यावरचा आदेश रोजनाम्यात उतरला आहे का ते त्याच संध्याकाळी ई-कोर्ट्सवर सीएनआर नंबर, म्हणजे प्रकरणाचा स्वतंत्र ओळख क्रमांक, टाकून बघा. वसुली पूर्ण झाली किंवा फसली की कलम 41 प्रमाणे विजयपूरचं कोर्ट सोलापूरला कळवतं. त्या कळवण्याची नक्कल काढून ठेवा. उरलेल्या रकमेसाठी उद्या हुबळीला दरखास्त लावायची झाली, तर पहिल्यांदा तीच मागतील.